लाल ठिपक्यावर विश्वास ठेवण्याआधी

गॅमा कॅमेरा, म्हणजे गॅमा किरण कुठून येताहेत ते चित्रात दाखवणारं उपकरण, चालू केला की पडद्यावर कुठेतरी लाल ठिपका उमटतोच. समोर स्रोत असो वा नसो. सॉफ्टवेअर हाती आलेल्या मोजणीतून सगळ्यात वरची जागा काढतं आणि तिला लाल रंग फासतं. ते चित्र चाळीस काउंटवर (काउंट म्हणजे टिपलेला एकेक गॅमा) उभं आहे की चाळीस हजारांवर, हे रंगावरून कळत नाही. हरवलेला किरणोत्सारी स्रोत शोधताना वेळ हमखास वाया जातो तो इथे. म्हणून या लेखात कॅमेऱ्याच्या आधीचं आणि नंतरचं काम जरा जास्तच आहे.

शोध तीन पल्ल्यांत होतो. किलोमीटरवरून पाच-पन्नास मीटरवर आणायचं काम गाडीतल्या, गॅमा टिपणाऱ्या मोठ्या स्फटिकांचं. तिथून अर्ध्या मीटरपर्यंत कॅमेरा. शेवटचा हातभर भाग साध्या सर्व्हे मीटरचा, म्हणजे हातात धरायच्या किरणोत्सार-मापकाचा, आणि चिमट्याचा. कॅमेरा घेऊन पहिला पल्ला मारायला गेलात तर दिवस जाईल; सर्व्हे मीटर घेऊन दुसरा मारायला गेलात तर अंगावर नको इतका डोझ (किरणांची मात्रा) येईल.

निघण्याआधी कागद बघायचा. समस्थानिक कोणता, प्रमाणपत्रावर तीव्रता किती आणि ती कुठल्या तारखेची? सीझियम-१३७ चा अर्धायुकाल ३० वर्षांचा, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा आजही चालतो. औद्योगिक रेडिओग्राफीतल्या इरिडियम-१९२ चा मात्र ७४ दिवसांचा. सहा महिन्यांपूर्वीच्या प्रमाणपत्रातले १८ टक्केच उरलेले असतात. मग १ मीटरवरचा डोझ रेट काढायचा. तीव्रता बेक्वेरेलमध्ये मोजतात, डोझ सिव्हर्टमध्ये. एका गिगाबेक्वेरेलला ताशी मिलिसिव्हर्टमध्ये सीझियमसाठी ०.०८ ते ०.०९, इरिडियमसाठी ०.१२ च्या आसपास, कोबाल्ट-६० साठी ०.३ ते ०.३५. अंतर दुप्पट झालं की चौथाई, दहापट झालं की शंभरावा हिस्सा. एवढ्या अंकगणितावर गाडीचा वेग, पथकाची वेळ आणि चिमट्याची लांबी ठरते.

२०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात हरवलेल्या कॅप्सूलचंच गणित मांडून बघा. ८ मिलिमीटर लांब, ६ मिलिमीटर व्यासाची, १९ गिगाबेक्वेरेल सीझियमची ही कॅप्सूल खाणीतल्या घनतामापकातून निसटली आणि १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर कुठेतरी पडली. डोळ्यांनी शोधायची म्हटली तर अशक्य गोष्ट. पण १ मीटरवर तिचा डोझ रेट ताशी दीड मिलिसिव्हर्टच्या वर, १० मीटरवर ताशी १६ मायक्रोसिव्हर्ट. नैसर्गिक पार्श्वभूमी ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास धरली तर १० मीटरवरही ती शंभर-दीडशेपट ओरडते आहे. म्हणूनच १ फेब्रुवारीला ताशी ७० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतल्या उपकरणाला ती सापडली, रस्त्याच्या कडेपासून जेमतेम २ मीटरवर, आणि नेमकी जागा मग हातातल्या उपकरणांनी काढली.

उघडा पडलेला स्रोत सोपा असतो. शिशाच्या डब्यासकट हरवलेला स्रोत हा वेगळाच खेळ.

समजा ३७० मेगाबेक्वेरेलचा सीझियम स्रोत रस्त्यापासून २० मीटरवर आहे आणि गाडीत १० × १० × ४० सेंटीमीटरचा सोडियम आयोडाइडचा ठोकळा आहे. सीझियमच्या गॅमांची ठरलेली ऊर्जा ६६२ केईव्ही (ऊर्जेचं एकक); मोजलेल्या ऊर्जांच्या आलेखात तिथे शिखर उमटतं. उघड्या स्रोतामुळे या शिखरात सेकंदाला हजारेक काउंट मिळतात. त्याच खिडकीत, म्हणजे ऊर्जेच्या त्याच पट्ट्यात, पार्श्वभूमीचे जागेनुसार शे-दोनशे. आपण २०० धरू. आता तोच स्रोत ४ सेंटीमीटर शिशाआड ठेवा. शिखरातले गॅमा दीडशेपट घटतात, सेकंदाला ७ उरतात. ताशी ७० किलोमीटरने जाताना स्रोत साधारण २ सेकंद ‘समोर’ असतो. म्हणजे ४०० पार्श्वभूमीवर १४ जादा, आणि त्या ४०० चा स्वतःचाच चढउतार, म्हणजे त्याचं वर्गमूळ, २० चा. काही दिसणार नाही. वेग दहापट कमी केला तर ४,००० वर १४०, चढउतार ६३. संशय येईल, खात्री नाही. त्याच जागी गाडी ५ मिनिटं उभी केली तर ६०,००० वर २,१००, चढउतार २४५. आता शंका उरत नाही. वेगाचा निर्णय असा सगळ्यात वाईट शक्यतेवरून घ्यायचा असतो. उघडा असेल म्हणून एक वेगवान फेरी आधी मारावी, हे ठीक. पण ती रिकामी गेली म्हणून रस्ता ‘साफ’ असा शेरा मारू नये. फक्त ‘या वेगाला, एवढ्या तीव्रतेचा उघडा स्रोत नाही’ असं लिहावं.

समोरून जाताना काउंटचा जो डोंगर उमटतो, त्याची रुंदी फार बोलकी असते आणि तिच्याकडे फारच कमी लोक बघतात. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणामुळे डोंगराची अर्ध्या उंचीवरची रुंदी, मीटरमध्ये, स्रोताच्या सगळ्यात जवळच्या अंतराच्या बरोबर दुप्पट येते. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. डोंगर २ सेकंद रुंद असेल तर ३९ मीटर, म्हणजे स्रोत साधारण २० मीटरवर. ०.४ सेकंद असेल तर ४ मीटरवर. यासाठी प्रत्येक गॅमाची वेळ स्वतंत्र नोंदवणारी यंत्रणा हवी. दर सेकंदाला एक आकडा देणारं उपकरण ०.४ सेकंदाचा डोंगर आलेखाच्या एका खांबात कोंबून टाकतं आणि अंतराचा सुगावा तिथेच मरतो.

दुसरी चूक घड्याळाची. डिटेक्टरचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ यांत अर्ध्या सेकंदाचा फरक असला तरी याच वेगाला नकाशावरचा बिंदू जवळजवळ १० मीटर सरकतो, आणि सरकतो तो नेहमी प्रवासाच्या दिशेने किंवा उलट. तपासायचा उपाय सोपा: माहितीतला छोटा चाचणी-स्रोत ठेवून त्याच रस्त्यावर जाताना एक आणि येताना एक फेरी मारा. दोन डोंगर एकाच खांबापाशी आले नाहीत तर फरकाच्या निम्मी चूक घड्याळाची. डावं की उजवं हे मात्र एका स्फटिकाला कळत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक ठोकळा आणि मधे आडोसा असला की प्रश्न मिटतो.

पाऊस पडला की काय होतं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याची धांदल उडते. पाऊस हवेतली रेडॉनची अपत्यं, म्हणजे रेडॉन वायूच्या विघटनातून झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुऊन रस्त्यावर आणतो. एकूण काउंट चढतात आणि सरी थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतात, कारण दोघांचे अर्धायुकाल अर्ध्या तासाच्या आतले. पण खरी गोम ऊर्जेत आहे. बिस्मथ-२१४ चं मुख्य शिखर ६०९ केईव्हीला, सीझियमचं ६६२ ला. अंतर ५३ केईव्ही. सोडियम आयोडाइडची विभेदनक्षमता (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) ६६२ ला साधारण ७ टक्के, म्हणजे शिखर ४६ केईव्ही रुंद. दोन शिखरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि ‘सीझियम’ म्हणून भोंगा वाजतो. अशा वेळी ११२० आणि १७६५ केईव्हीकडे बघावं. तीही बिस्मथचीच शिखरं. ती चढलेली असतील तर पाऊस, तिथे काही नसेल आणि फक्त ६६२ चढलं असेल तर गाडी थांबवा. त्यात दुपारच्या उन्हात स्फटिक तापला की सगळा वर्णपट थोडा खाली सरकतो आणि खिडकी चुकीच्या जागी उघडी राहते. पोटॅशियम-४० चं १४६१ केईव्हीचं शिखर सगळीकडे फुकट मिळतं; ते जागेवर आहे ना, हे दर काही मिनिटांनी बघायची सवय लावावी. ग्रॅनाइटचा दर्शनी भाग, विटांची भिंत, सिरॅमिक टाइलांचा ट्रक, नुकताच आयोडीन-१३१ घेतलेला रुग्ण (३६४ केईव्ही), हे नेहमीचे पाहुणे. एकूण काउंटवर भोंगा लावणाऱ्या यंत्रणेला ते सगळे सारखेच.

आता कॅमेरा. लोक ‘गॅमा कॅमेरा’ म्हणतात तेव्हा बहुतेक दोन वेगळ्या गोष्टींपैकी एक हातात असते.

पहिला प्रकार छिद्रांच्या नक्षीचा मुखवटा लावलेला. टंगस्टनच्या जाड पत्र्यात ठरावीक नक्षीने भोकं असतात, मागे जागा सांगणारा डिटेक्टर असतो, आणि डिटेक्टरवर पडलेल्या सावलीवरून दिशा उलगडली जाते. नक्षी अशी निवडतात की ९० अंशांनी फिरवली की भोक तिथे पत्रा आणि पत्रा तिथे भोक. दोन्ही चित्रं घेऊन एकातून दुसरं वजा केलं की मागून, बाजूने आलेला गोंगाट बराचसा छाटला जातो. फिरवायचा कंटाळा करू नये. या प्रकाराची दुखती जागा म्हणजे मोठी ऊर्जा. १ सेंटीमीटर टंगस्टनमधून सीझियमचे १५ टक्के गॅमा आरपार जातात, कोबाल्टच्या १३३२ केईव्हीचे तर एक तृतीयांश. सावलीच फिकट पडते. उलट सेलेनियम-७५ किंवा अमेरिशियम-२४१ सारख्या कमी ऊर्जेच्या स्रोतांना हाच कॅमेरा योग्य. आणखी एक: स्रोत जवळ असला तर सावली मोठी पडते. मुखवटा आणि डिटेक्टर यांत १० सेंटीमीटर असतील तर १ मीटरवरच्या स्रोताची सावली १० टक्के मोठी, १० मीटरवरच्याची १ टक्का. सॉफ्टवेअरमध्ये अंतर चुकीचं भरलं की ठिपका पसरतो किंवा त्याची पिल्लं आजूबाजूला दिसू लागतात.

दुसरा प्रकार कॉम्प्टन कॅमेरा. याला मुखवटा नाही, त्यामुळे चारी बाजूंनी दिसतं. एकच गॅमा जवळून बघू. सीझियमचा ६६२ केईव्हीचा गॅमा स्फटिकात शिरतो, पहिल्या धडकेत एका इलेक्ट्रॉनला २०० देतो, वळतो आणि उरलेले ४६२ दुसऱ्या जागी संपवतो. ४६२ च्या व्यस्तातून ६६२ चा व्यस्त वजा करायचा, ५११ ने (इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा, केईव्हीत) गुणायचं: ०.३३. तो एकातून वजा केला की ०.६७, हा वळणाच्या कोनाचा कोसाइन. कोन ४८ अंश. म्हणजे दोन धडकांना जोडणारी रेघ हा अक्ष धरून ४८ अंशांचा शंकू काढला तर स्रोत त्या शंकूच्या पृष्ठभागावर कुठेतरी. एका शंकूने काही कळत नाही. शेकडो शंकू जिथे एकमेकांना छेदतात तिथे ठिपका. आता २०० ऐवजी उपकरणाने २२० मोजले असं धरा. कोन ५२ अंश येतो. २० केईव्हीच्या चुकीला ४ अंश, १० मीटरवर साठ-सत्तर सेंटीमीटर. साध्या सिंटिलेटरमध्ये, म्हणजे गॅमा आदळला की चमकणाऱ्या सोडियम आयोडाइडसारख्या स्फटिकात, एवढी चूक नेहमीची. कॅडमियम झिंक टेल्युराइडची विभेदनक्षमता ६६२ ला टक्काभर असते, म्हणून या कामात त्याचं कौतुक. पण तिथेही दुसरी चूक असते: दोन धडका एकमेकींपासून १ सेंटीमीटरवर आणि प्रत्येकीची जागा १ मिलिमीटर इकडेतिकडे, तर अक्षच ८ अंश हलतो. म्हणून फार जवळच्या जोड्या टाकून द्याव्यात. काउंट कमी होतात, चित्र सुधारतं.

किंमत मोजायची ती वेळेची. स्फटिकावर आदळणाऱ्या शंभर गॅमांपैकी जेमतेम एखाद-दुसऱ्याची वापरण्याजोगी जोडी मिळते. २५० केईव्हीच्या खाली तर हा कॅमेरा फारसा उपयोगाचाच नाही.

कुठल्याही कॅमेऱ्याचं चित्र आधी फक्त दिशा देतं. अंतरासाठी दोन-तीन जागांवरून बघावं लागतं, आणि त्या रेघा एकमेकींना ६० ते ९० अंशांत छेदतील अशा जागा निवडाव्या लागतात. एकाच रस्त्यावर पाच-पाच पावलांनी घेतलेली तीन चित्रं म्हणजे एकच चित्र तीनदा. हल्ली लायडार (लेसरने अंतरं मोजणारं यंत्र) आणि कॅमेरा एकाच पेटीत बसवून चालता चालता त्रिमितीत नकाशा तयार करतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे तंत्र फुकुशिमाच्या परिसरात वापरून दाखवलं आहे. उत्तम गोष्ट आहे, पण लायडारला धरायला कोपरे, खांब, दारं लागतात. सपाट मोकळ्या मैदानात किंवा लांब एकसुरी बोळात तो स्वतःची जागा हरवतो आणि स्रोत भिंतीच्या आत नाहीतर हवेत तरंगताना दिसतो. माझं मत विचाराल तर नीट फिरवलेला साधा डिटेक्टर, म्हणजे संशयित जागेभोवती पूर्ण वळसा घालून, प्रत्येक क्षणाची जागा नोंदवून, अनेकदा महागड्या कॅमेऱ्याच्या तोडीस तोड उत्तर देतो. कारण अंतराचा वर्ग फुकटात काम करत असतो. ड्रोनचंही तेच: त्यावर लहानसाच स्फटिक चढतो, पण ५० मीटरऐवजी ५ मीटरवरून गेला की शंभरपट सिग्नल.

ठिपका खरा की खोटा, याच्या तीन परीक्षा आहेत आणि तिन्ही पाच-दहा मिनिटांत होतात. कॅमेरा जागेवरच ३० अंश फिरवा. खऱ्या स्रोताचा ठिपका ज्या झाडापाशी होता तिथेच राहील. गणिताने निर्माण केलेला ठिपका कॅमेऱ्याबरोबर फिरेल. मग ५ सेंटीमीटरची शिशाची वीट कॅमेरा आणि ठिपका यांच्या मधे धरा; सीझियमचा खरा ठिपका जवळजवळ विझला पाहिजे. विझला नाही तर गॅमा दुसरीकडून येताहेत. आणि चित्र फक्त शिखराच्या खिडकीतल्या काउंटवर काढा. २००–३०० केईव्हीचे विखुरलेले गॅमा चित्रात घेतले की समोरची काँक्रीटची भिंत चमकू लागते, कारण स्रोताचा प्रकाश तिच्यावरून परततोय. भंगाराच्या ढिगात हे फार होतं: स्रोत लोखंडाखाली दडलेला, गॅमा एका फटीतून बाहेर, आणि कॅमेरा इमानाने फट दाखवतो. फट खरी आहे, स्रोत तिच्या मागे कुठे तरी. दुसऱ्या बाजूने बघितल्याशिवाय खणायला घेऊ नका.

फार जवळ गेलं की वेगळीच गंमत. काउंट इतके वाढतात की उपकरणाला दोन गॅमा एकच वाटतात. ६६२ आणि ६६२ मिळून १३२४, कोबाल्टच्या १३३२ ला चिकटून, आणि ओळख सांगणारं सॉफ्टवेअर बिनदिक्कत ‘कोबाल्ट-६०’ म्हणतं. ११७३ चं जोडशिखर आहे का बघा. नसेल तर कोबाल्ट नाही, तुम्ही फार जवळ आहात. डेड टाइम (एक गॅमा नोंदवताना उपकरण पुढच्याला आंधळं असतं तो वेळ) २०–३० टक्क्यांवर गेला की कॅमेरा मागे न्या. जवळून चांगलं दिसेल ही फोटोग्राफीतली सवय इथे उलटी पडते.

काही स्रोतांना शिखरच नसतं. २००१ च्या डिसेंबरात जॉर्जियात लिया गावाजवळच्या जंगलात लाकूडतोड्यांना दोन गरम वस्तू सापडल्या, भोवतीचा बर्फ वितळलेला. ते औष्णिक विद्युत-जनित्रांतले स्ट्रॉन्शियम-९० चे स्रोत होते. स्ट्रॉन्शियम बीटा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, फेकतं; बाहेर येतात ते धातूत ब्रेक लागून तयार झालेले क्ष-किरण, उतरत जाणारा एकसंध पट्टा. ६६२ च्या खिडकीत बसून राहिलेल्या यंत्रणेला तो फक्त ‘पार्श्वभूमी जरा वर’ असा दिसतो. अशा तीव्र स्रोतासाठी थर्मल कॅमेराही सोबत असावा, विशेषतः थंडीत.

आता शेवटचा हातभर भाग. १९ गिगाबेक्वेरेलच्या स्रोतापाशी मीटरभर लांब दांड्याच्या चिमट्याने ५ मिनिटं काम केलं तर अंगाला ०.१३ मिलिसिव्हर्टच्या आसपास. वाकून १० सेंटीमीटरवर गेलात तर ताशी १६० मिलिसिव्हर्टचा पट्टा. म्हणून हालचाली आधी रिकाम्या जागी, खोट्या कॅप्सूलवर घोटून घ्याव्यात. कॅप्सूल मातीत बसली असेल तर फावड्याने माती ताडपत्रीवर घ्या, पसरा, दोन ढीग करा, मीटर फिरवा, थंड ढीग बाजूला. १० वेळा निम्मं केलं की हजारावा भाग उरतो. कर्करोगोपचाराच्या यंत्रातला १०० टेराबेक्वेरेलचा कोबाल्ट असेल तर हे सगळं विसरा: १ मीटरवर ताशी ३० सिव्हर्टच्या वर, दहाएक मिनिटांत प्राणघातक. तिथे कॅमेरा लांब आडोशामागे आणि हात रोबोचे.

स्रोत डब्यात गेला, झाकण बसलं, तरी तंबू उतरवू नका. कॅप्सूलवरचा अनुक्रमांक लांबून कॅमेऱ्याने वाचून कागदाशी ताडा. चिमटा, फावडं आणि कॅप्सूलची जागा पुसून घेतलेले कागद तपासा. त्यांत काही आलं तर कॅप्सूल फुटली आहे आणि काम शोधाचं राहिलेलं नाही. मग डबा लांब न्या आणि गॅमा कॅमेरा पहिल्याच जागी, पहिल्याच दिशेला, पहिल्याइतकाच वेळ लावा. मोठा स्रोत पेटलेला असताना शेजारचा लहान दिसत नाही. पडद्यावर लाल ठिपका याही वेळी येईलच. तो किती काउंटचा आहे ते बघा आणि कॅमेरा ३० अंश फिरवा.